गुळण्याचं गाणं

त्याचं नाव प्रभाकर. घेतलं पाहा म्या, उखाणा ना काही, सरळ. बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं का त्याचं आयुष्य कमी होते म्हणतात आमच्याकडं. होऊ दे कमी. खरं सांगू का, ते नाव तोंडात आलं का मले थुंकावं वाटते, म्हणून मी फार घेत नाई. नाई तं दिवसातून चारदा घेतलं असतं.

माहं नाव अन्नपूर्णा. बाप पुंडलिकराव, वर्ध्याजवळच्या पिपरीचा कास्तकार. वांगे, मेथी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, असा भाजीपाला. माय मनकर्णा, ती वर्ध्याच्या बाजारात बसून भाजी विके. मले दिलं पुलगावले. प्रभाकरचं तिथं किराण्याचं दुकान. लोक म्हणत, "काय नशीब काढलं व पोट्टीनं!" पांढरंशुभ्र धोतर, कपाळाले गंध, मंदिरात भजनाले पेटी वाजवे. दारू नाई, जुगार नाई, बायकोवर हात टाकणं नाई. वरून कीर्तन आन् आतून तमाशा म्हणतात ना, तसाही नव्हता बाप्पा तो. तमाशात निदान गंमत तरी असते.

ही गोठ मागल्या सालची. तवा आमचा जिल्हा मध्यप्रदेशात होता, औंदा म्हणतात मुंबई राज्यात गेला. जिल्हे इकडचे तिकडं होतात, पण घरातली ताटं काही हलत नाईत.

ताटाचंच सांगून राह्यली मी. नवऱ्यानं जेवलेल्या ताटात बायकोनं जेवाचं, हे काही जगावेगळं नाई. आजी जेवे, माय जेवे, लग्न झालं तशी मीही जेवाले लागली. बाप्ये ताटातच हात धुतात, तेही नवं नाई. पण शहाणी बाई ते पाणी सांडते, ताट विसळते आन् मंग वाढून घेते. नवी होती तवा मीही तसंच करे. तं एक दिवस हा म्हणे, "काऊन? माह्या हाताची घाण वाटते का तुले?"

म्या म्हटलं, "नाई जी."

"मंग विसळतं काऊन? बस अशीच."

हात धुतलेल्या पाण्यात भाकरीचा तुकडा तरंगून राह्यलता. वरणाचा तवंग, लोणच्याची साल, सगळं त्याच्यात. म्या डोळे मिटून घास गिळला. माहं तोंड वाकडं झालेलं त्यानं पाह्यलं, आन् मेल्याले गोडी लागली.

दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं का तो ताटात गुळणा टाके. लोट्यानं तोंड भरून पाणी घे, या गालातून त्या गालात खळखळ करे, आन् मंग सावकाश, माह्याकडं पाहत, ताटात सोडे. दातातली मेथी, सुपारीचे कण, सगळं माह्या जेवणात. "खाय," म्हणे. "पतीचं उष्टं म्हणजे प्रसाद. पुण्य लागते." आवाज कई चढवला नाई त्यानं. मी जेवत राह्यली का हा पाटावर मांडी घालून माह्या घशाकडं पाहत बसे. घास खाली गेला का हसे. शी!

तोंड उघडलं तं म्हणे, मी तुले मारतो का? शिव्या देतो का? उपाशी ठेवतो का? पाहुणे आले का त्यांच्यापुढं लाडानं सांगे, "आमच्या घरची माह्या ताटाशिवाय जेवतच नाई." पाहुण्या बाया म्हणत, "लक्ष्मी आहे हो!" आन् ही लक्ष्मी मागच्या वाडीत जाऊन ओकून येई.

एक दिवस दुपारी त्यानं गुळणा टाकला आन् ताट माह्याकडं सरकवलं. म्या ताटाकडं पाह्यलं, त्याच्याकडं पाह्यलं. ताट होतं तिथंच ठेवलं, उठली, आन् अंगावरच्या लुगड्यानिशी ठेसनाचा रस्ता धरला. मागून त्यानं हाक मारली, तीही गोड आवाजात. "अवं, भरल्या ताटावरून उठू नाई. अन्नाचा अपमान होते!" मी मागं पाह्यलं नाई. वर्ध्याकडं जाणारी पॅसेंजर भेटली, तिच्यात बसली.

घरी आली तं माय चुलीपुढं होती. मले पाहून तिच्या हातातलं लाटणं थांबलं.

"मारते का व तुले?"

"नाई."

"पेते का?"

"नाई."

"दुसरी ठेवली का?"

"नाई."

"मंग काऊन आली व बयताडे?"

"माय, तो ताटात गुळणा टाकते. आन् खाले लावते."

मायनं थांबलेलं लाटणं पुन्हा फिरवलं. मंग पोळी लाटता लाटता म्हणे, "टाकतात बाई बाप्ये कई कई. डोळे मिटाचे आन् दोन घास खाचे. कुठंही जाय, पळसाले पानं तीनच." एवढं बोलून तिनं पोळी तव्यावर अशी आपटली का विचारू नका. बाप वसरीतून सारं ऐकून राह्यला होता. तो आत आलाच नाई. तिथूनच म्हणे, "झाकली मूठ सव्वा लाखाची. चार लोकांत बोलू नको. भुलाबाईचे दिवस आहेत, आली तशी राह्य. कोजागिरी झाली का मी सोता नेऊन सोडतो."

म्हणजे कोजागिरीपर्यंत माह्या घशाले सुट्टी. मंग पुन्हा पुलगाव, पुन्हा तेच ताट. मले रात्री झोप लागे नाई. रडू नाई आलं मले, खोटं काऊन सांगू. किळस आली. त्याची तं होतीच, पण वसरीत बसून मूठ झाकणाऱ्या बापाचीही आली. आन् पुण्य-पुण्य म्हणत पाणी गिळणाऱ्या माह्या सोताच्या घशाचीही.

भुलाबाई तुमच्याकडं असन नसन, म्हणून सांगते. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मातीची भुलाबाई आन् तिचा भुलोजी मांडाचा. दिवेलागणीले पोट्ट्यांनी घरोघर जाऊन टिपऱ्यांवर गाणे म्हणाचे. मंग त्या घरची खिरापत, म्हणजे डब्यात झाकलेला खाऊ, ओळखाचा आन् खाचा. मी कुवारी होती तवा आमच्या गल्लीत गाणं मीच उचलून देई. आता माह्या मागं ते काम शेजारच्या गोपिकाकडं आलं होतं. गोपिकाचं लग्न ठरलं होतं आन् आवाज असा का बैल बुजावा.

त्या संध्याकाळी पोट्ट्या आमच्या अंगणात जमल्या. जुनेच गाणे चाललेले. सासू खाष्ट, नणंद द्वाड, दीर नकट्या, आन् नवरा? सगळ्या गाण्यांत नवरा तेवढा राजा! घोड्यावर बसून येते आन् रुसलेल्या बायकोले घेऊन जाते. मले सहन झालं नाई. म्या म्हटलं, "बंद करा ते घोडं! मी सांगते गाणं." काही ठरवलं नव्हतं, पण टिपऱ्या सुरू झाल्या आन् तोंडातून निघत गेलं.

भुलाबाई भुलाबाई, सासर कसं व?
जेवून उठला गडी, त्याचं ताट मले व.
ताटामंधी भाकरीचा चतकोर तुकडा,
त्याच्यावर गुळण्याचा सांडला घडा.
खाय म्हणे, खाय म्हणे, पुण्य लागते,
असं पुण्य चुलीत जावो, मले ओकारी येते!

पोट्ट्या खी-खी करून हसल्या. गोपिकानं एकदाच ऐकलं आन् दुसऱ्यांदा असं म्हटलं का पार बाभळीखालच्या घरापर्यंत गेलं. मंग मले अजूनच जोर चढला.

भुलोजी भुलोजी, तोंड कुठं धुता हो?
नाली सोडून ताटामंधी काऊन थुंकता हो?
नालीले लाज आली, ताटाले बी आली,
ताट ठेवून बायको माहेराले गेली!
गेली तं गेली, आता येत नाई व,
तुह्या तोंडचं पाणी मी पेत नाई व!

खरंच सांगते, तेवढं म्हटलं आन् कितीतरी दिवसांनी मले कडकडून भूक लागली. खिरापतीच्या खोबऱ्याचा मोठा वाटा मीच खाल्ला.

नाव नव्हतं गाण्यात, गाव नव्हतं. पण चांगलं गाणं का घरात बसते? दुसऱ्या दिवशी पिपरीत गल्लोगल्ली तेच. चार दिवसांत वर्ध्याच्या भाजीबाजारात. एक मिरचीवाली मिरच्या निवडता निवडता गुणगुणे, तिच्या शेजारची सुरात सूर मिळवे. आधी बाया फिदीफिदी हसत. "काय व बाई हे भलतंच गाणं!" मंग "मले ओकारी येते" आलं का एखादी मधीच हसाची थांबे आन् खाली पाहून उगाचच भाजीवर पाणी शिंपडे. ज्याचं जळते त्याले कळते. मी काही विचारलं नाई कोणाले.

माय मात्र गाणं कानावर आलं का पदर ओढून घेई. "बंद कर व ते!" म्हणे. "लोक काय म्हणतीन?"

"लोकच म्हणून राह्यले काकू, मी कुठं म्हणते?" असं बोलून गोपिका पळून जाई.

सणाले माहेरी आलेल्या लेकींनी गाणं पॅसेंजरमधून पुलगावले नेलं. तिथं तं कहरच झाला. पोट्ट्या भुलाबाई घेऊन दुकानादुकानांपुढं गात फिरतात ना, तशा त्याच्या दुकानापुढं उभ्या राह्यल्या. त्यांले बिचाऱ्यांले काय माहीत! पूर्ण गाणं टिपऱ्यांवर म्हटलं आन् वरून त्यालेच खोबरं मागतलं. म्हणे त्यानं वजनाचं माप फेकून मारलं. गुपचूप मूठभर खोबरं देऊन मोकळा झाला असता, तं कोणाले काही समजलं नसतं. मापामुळं साऱ्या पुलगावले समजलं का गाणं कोणाचं आहे. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

कोजागिरीच्या आदल्या दिवशी दुपारी तो वर्ध्याहून टांगा करून आमच्या दारात उतरला. तेच पांढरं धोतर, तेच गंध. बापानं जमातीच्या पंचांले बोलावून घेतलं. मधात अण्णाजी बसले. अण्णाजी म्हणजे आमच्या समाजातले मोठे. सोयरीक असो का भांडण, त्यांचा शब्द शेवटचा. आमी बाया दाराआड.

प्रभाकर हात जोडून म्हणे, "अण्णाजी, माही काही तक्रार नाई. हिचं मन भरकटलं, होते असं. मी घ्याले आलो. फक्त ते गाणं बंद करा."

अण्णाजी म्हणाले, "गाण्यात तुमचं नाव कुठं आहे, प्रभाकरराव?"

"नाव नसलं म्हणून काय झालं? पुलगावात लेकरं मले पाहून गुळणे करतात!"

दाराआडून गोपिका फस्सकन हसली. मायनं तिच्या पाठीत धपाटा घातला.

"मंग खरं आहे का ते?" अण्णाजींनी विचारलं.

"खऱ्या-खोट्याचा प्रश्नच नाई. बायको नवऱ्याच्या ताटात जेवते, तुमच्या घरी नाई जेवत का? घरातली गोठ चव्हाट्यावर काऊन आणाची?"

सगळे पंच माना हलवाले लागले. घरोघरचं तेच, बोलन कोण? अण्णाजींनी मिशीवरून हात फिरवला आन् निवाडा दिला. गाणं आजपासून बंद. बाईनं आज दिवस आहे तवरच सासरी जाचं. आन् रीतीप्रमाणं जेवण कराचं. आमच्यात रीत अशी, का नवरा-बायकोचं तुटलेलं जोडाचं असलं तं नवऱ्यानं सासुरवाडीत पंचांपुढं जेवाचं आन् मंग बायकोनं त्याच ताटात चार घास खाचे. घास खाल्ले का भांडण मिटलं. त्याच्यावर पुन्हा तक्रार नाई, माहेरचं दार नाई, काहीच नाई. जन्माचा शिक्का.

मी मायले म्हटलं, "माय, मी मरन व तिथं."

माय चुलीले फू-फू करत राह्यली. तिच्या डोळ्यांत धूर गेलता का पाणी आलतं, मले नाई माहीत.

सैपाक झाला. भरल्या वांग्याची भाजी, वरण-भात, भजे, शिरा. त्याले मधात पाट, सोन्याचं असावं तसं लखलखीत घासलेलं पितळेचं ताट. पंच भिंतीले टेकून बसले, त्यांचं जेवण मागून. तो मस्त जेवला. पुन्हा पुन्हा भाजी मागतली. "सासूबाईंच्या हाताले चव आहे," म्हणे. तोंडात घास घोळवता घोळवता मचमच असा आवाज करे का दाराआडही ऐकू ये. जेवण झालं. त्यानं ताटात हात धुतले. बापानं मले खूण केली, मी बाहेर येऊन पदर घेऊन बसली. मले वाटलं, एवढ्या लोकांत तरी हा माणसासारखा वागन.

त्यानं लोटा उचलला. तोंड भरून पाणी घेतलं. या गालातून त्या गालात. खळखळ, खळखळ. माह्या डोळ्यांत पाहत त्यानं सगळं ताटात सोडलं. मंग बोटानं ताट माह्याकडं सरकवलं. "जेव. पंच थांबले."

त्याले दाखवाचं होतं मले, का पाह्य, गाण्यात बोंबललीस तेच साऱ्यांपुढं केलं, आन् कोणी हूं का चूं करत नाई. खरंच कोणी केलं नाई. अण्णाजी आढ्याकडं पाहून राह्यले. कोणी तंबाखू मळाले लागला. माहा बाप आपल्या पायाचा अंगठा पाहत बसला. ताटात भातावर फेस होता. वांग्याचं देठ त्या पाण्यात गोल गोल फिरून राह्यलतं.

माह्या अंगात काय शिरलं, मले नाई माहीत. मी ताट दोन्ही हातांनी उचललं आन् अण्णाजींपुढं नेऊन ठेवलं.

"अण्णाजी, निवाडा तुमचा. पहिला घास तुमचा. तुमी खाल्ला तं मी आत्ता टांग्यात बसते."

अण्णाजी एकदम मागं सरकले. धोतर सावरत म्हणाले, "अवं, काहीतरीच काय पोरी! हे का माणसाच्या तोंडात घालाचं आहे?"

"मंग मी कोण आहो, अण्णाजी?"

म्या ताट उचललं आन् पंचांपुढून नेलं. ज्याच्यापुढं ठेवावं तो तोंड फिरवे. एकानं नाकाले उपरणं लावलं. बापापुढं ठेवलं, तं त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मंग म्या ते पुन्हा प्रभाकरपुढं आणलं. पार त्याच्या नाकाखाली धरलं.

"तुमचंच ताट, तुमचंच तोंड, तुमचंच पाणी. पुण्य लागते ना? खा एक घास."

तो काही ठरवून बोलला नाई. ताट नाकाजवळ गेलं आन् आपसूकच त्याचं तोंड वाकडं झालं. मान मागं घेऊन तो म्हणे, "शी!"

सगळ्यांनी ऐकलं. दाराआडच्या बायांनीही ऐकलं. त्याले सोताले समजलं का काय निघालं तोंडातून, आन् तो घाईघाईनं म्हणाले लागला, "नाई म्हणजे, अण्णाजी, बाप्याचं येगळं असते..." अण्णाजींनी हात वर केला. त्यांचा चेहरा असा झालता जसा काही तो घास त्यांनीच गिळला. पण ते काही बोलाच्या आत माहा बाप उठला. जन्मात कोणाच्या पुढं आवाज न काढणारा माणूस.

"प्रभाकर," तो म्हणाला. जावाईबापू म्हटलं नाई. "टांगा उभा आहे. एकटाच बस त्याच्यात. माही पोट्टी येत नाई."

"पाहून घेईन मी," प्रभाकर म्हणाला. जोडे घालता घालता त्यानं उजवा जोडा डाव्या पायात घातला. रस्त्यावर कोणाचं तरी लेकरू टांग्याच्या मागं धावत गुळणा करून राह्यलं. मले हसू आलं नाई. ते ताट अजून माह्या हातात होतं आन् हाताले वास येऊन राह्यला होता. गोपिकानं ते माह्या हातातून काढून घेतलं आन् उकिरड्यावर उपडं केलं.

आत आली तं माय चुलीपाशी होती. पंच वसरीत ताटकळत, त्यांचं वाढाचं राह्यलं होतं. बाप म्हणाला, "अवं, पंचांचं वाढ." मायनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. फळीवरून दोन कोरडे ताट काढले, पदरानं पुसले, एक माह्यापुढं ठेवलं, एक आपल्यापुढं. आन् वाढलं. वाफा निघून राह्यलेली भाजी, भात, शिरा. बाप दारात येऊन उभा राह्यला. बाप्ये जेवले नाईत आन् ही जेवाले बसली, असं त्यानं जन्मात पाह्यलं नव्हतं.

मायनं भाजीचा मोठा घास घेतला. तोंड पोळलं तिचं, तरी थुंकली नाई. चावत राह्यली, चावत राह्यली, आन् माह्याकडं पाहून नवलानं म्हणाली, "अवं, गरम गरम भाजी इतकी चांगली लागते का व?"

जन्मभर तिनंच रांधलेली भाजी ती. म्या म्हटलं, "खाय माय. अजून घे."